परदेशी स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी पीटीआरचा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा) उतारा काढा

परदेशी शैक्षणिक स्पर्धेसाठी ॲप तयार असतं, वर्गातले व्हिडिओ असतात, इंग्रजी नीट करून द्यायला कोणाची तरी भाची असते. गाडी अडते ती 'बक्षिसाची रक्कम कोण स्वीकारणार' या ओळीवर. ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या शैक्षणिक संस्थांच्या फायली बघून माझं तर मत झालंय की ही ओळ आधी भरावी, कल्पना मागाहून लिहावी.

या स्पर्धा आपल्यासाठी नसतात, असं मुळीच नाही. मुलांना स्वतःचं स्वतः शिकता येईल अशा ॲपसाठी २०१४ साली जाहीर झालेल्या ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ स्पर्धेत अंतिम पाचांत बंगळूरुची चिंपल ही टीम होती आणि त्या पाचांना प्रत्येकी १० लाख डॉलर मिळाले. शैक्षणिक तंत्रज्ञानासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या टूल्स कॉम्पिटिशनमध्ये आधी थोडक्यात गोषवारा, मग सविस्तर प्रस्ताव, शेवटी सादरीकरण अशा पायऱ्या असतात. गोषवाऱ्याला जड कागद लागत नाहीत, म्हणून सगळे गाफील राहतात.

मुदतीचं आधी सांगून टाकतो. 'रात्री ११:५९ ईस्टर्न टाइम' (न्यूयॉर्कची वेळ) म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या उन्हाळ्यात ९:२९ आणि हिवाळ्यात १०:२९. यात आपला फायदाच. घात होतो तो '१५ तारीख, १२:०० एएम' असं लिहिलेलं असलं की. ही १४ आणि १५ मधली मध्यरात्र, म्हणजे १५ च्या सकाळीच आपला खेळ खलास. १५ चा आख्खा दिवस हातात आहे म्हणून दुपारी निवांत जेवायला बसलेली टीम मी पाहिली आहे.

आता मुख्य दुखणं. ट्रस्ट किंवा सोसायटीला परदेशातून निधी घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची केंद्र सरकारची परवानगी लागते. तिचे रस्ते दोन. नियमित नोंदणीचा फॉर्म एफसी-३ए, त्याला संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. ऑफिस चालवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. शिक्षकांनी फुकट दिलेले तासही नाहीत. दहा वर्षं वस्तीत अभ्यासिका चालवणारी संस्था इथेच बाद होते, हे बघायला वाईट वाटतं. दुसरा रस्ता पूर्वपरवानगीचा, फॉर्म एफसी-३बी. ती एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी मिळते आणि तिला त्या देणगीदाराचं रकमेसह लेखी पत्र लागतं. (खासगी कंपनी म्हणून अर्ज करणाऱ्यांचा हिशोब वेगळा, तो इथे घेत नाही.)

दोन्ही रस्त्यांवर पदाधिकाऱ्यांचे आधार तपशील द्यावे लागतात. पदाधिकारी म्हणून नावं असतात ती पीटीआरच्या उताऱ्यावर, आणि तोच इथे आडवा येतो. कळव्याच्या एका संस्थेचं मिनिट्स बुक माझ्यासमोर उघडलं होतं. २०२१ च्या पानावर अध्यक्षांना श्रद्धांजली, पुढच्याच पानावर नव्या अध्यक्षांची निवड, खाली सह्या. उताऱ्यावर मात्र गेलेले काका अजून अध्यक्ष! चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, कोणी भरलाच नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. उशीर झाला की विलंब माफीचा अर्ज सोबत आला. ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं हे सगळं मिळतं. मिळत नाही ती सभेची नोटीस सगळ्यांना पोचल्याची पोच. "व्हॉट्सॲपवर टाकलं होतं हो," एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून यापुढे नोटिशीवर सही घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा. धर्मादाय कार्यालयात तारखा पडत राहतात, आणि स्पर्धावाले त्यासाठी थांबत नाहीत.

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, खारघर-पनवेल रायगडमध्ये. संस्थेचा नोंदणीकृत पत्ता खारघरचा असेल तर ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात रांग लावून काही हाती लागत नाही, फाइल अलिबागला असते. पत्ता बदलला असेल तर तोही बदलच, त्याचाही चेंज रिपोर्ट.

बाकी दर्पणचा (नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलचा) क्रमांक ऑनलाइन मिळतो. एफसीआरएचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं, पण दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या शाखेतून होतं.

आणि कृपा करून 'ओळखीच्या मोठ्या संस्थेच्या खात्यात घेऊ, मग ते आपल्याला देतील' हा सल्ला ऐकू नका. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएच्या कलम ७ प्रमाणे परदेशी निधी असा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. सल्ला देणारे बहुधा जुन्या काळात अडकलेले असतात, पण अडचणीत दोन्ही संस्था येतात.

स्पर्धांचे आयोजक परिषदांमध्ये टेबल टाकून बसतात, ते पूर्वपरवानगीला लागणाऱ्या त्या पत्रासाठी उपयोगाचे. आपले लोक तिथे जाऊन डेमो दाखवतात, फोटो काढतात, पिशवी घेऊन परत येतात. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. आमच्या नोंदणीकृत नावाने, रकमेसह पत्र द्याल का आणि निकालाच्या आधी की नंतर? परवानगी येईपर्यंत रक्कम किती महिने राखून ठेवाल? पैसे एकरकमी की हप्त्यांनी? वाशीला एका परिषदेत एका बाईंनी हे विचारलं तेव्हा टेबलामागच्या मुलीने वही काढून लिहून घेतलं आणि आठवड्याभरात ईमेलने उत्तर आलं. डेमो त्यांनी दाखवलाच नव्हता.

एवढ्यासाठी एएसयू-जीएसव्ही या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदेला अमेरिकेत सॅन डिएगो गाठायचं कारण नाही. व्हिसाचे १८५ डॉलर आणि बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीची चक्कर वाचवा, हेच प्रश्न ऑनलाइन माहिती सत्रातही विचारता येतात. ईस्टर्न टाइमचं दुपारचं दोनचं सत्र म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा, तेवढं जागायची तयारी ठेवा.