ससा व गिनीपिग यांतील दंतविकार

दातांची वाढ व झीज यांचा तोल बिघडल्यामुळे पाळीव ससे आणि गिनीपिग यांना होणारे विकार. या दोन्ही प्राण्यांचे सर्वच दात आयुष्यभर वाढतात. त्यांना खऱ्या अर्थाने मूळ नसते. हिरडीखाली असतो तो दाताचाच राखीव भाग. उंदरात केवळ पटाशीचे दात असे वाढतात, दाढा नाहीत. म्हणून उंदरावरून बांधलेले आडाखे येथे लागू पडत नाहीत.

सशाला एकूण २८ दात असतात : एका बाजूस वर व खाली अनुक्रमे पटाशीचे २/१, सुळे ०/०, उपदाढा ३/२, दाढा ३/३. गिनीपिगला २० : पटाशीचे १/१, सुळे ०/०, उपदाढा १/१, दाढा ३/३. सशाच्या वरच्या मोठ्या पटाशीच्या दातांमागे खुंटीसारखी दुसरी लहान जोडी असते, आणि वर्गीकरणाचा जुना वाद तिच्याभोवतीच फिरला. सजीवांच्या वर्गीकरणाचे जनक लिनीअस यांनी ससा व उंदीर एकाच गटात घातले होते. एकोणिसाव्या शतकात या जादा जोडीवरून सशांचा वेगळा उपगण (गण या वर्गीकरणातील मोठ्या गटाचा पोटविभाग) मानला जाऊ लागला आणि १९१२ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. गिडली यांनी ससे हा स्वतंत्र गण असल्याचे मांडले. ते मत आज सर्वमान्य आहे. गिनीपिगच्या बाबतीत उलटा वाद उद्भवला. रेणवीय (प्रथिने व डीएनए यांच्या) पुराव्याच्या आधारे १९९१ मध्ये व पुन्हा १९९६ मध्ये तो कृंतक (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातला नसावा, असे प्रतिपादन झाले. नंतरच्या अधिक विस्तृत तुलनांत ते टिकले नाही. त्याला कृंतकच मानणे योग्य दिसते.

या भेदाचा प्रत्यय चर्वणात येतो. सशाचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असून तो चारा आडव्या हालचालीने दळतो. गिनीपिगमध्ये खालच्या दाढांची रांग रुंद असते, दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग सुमारे ३०° तिरका असतो आणि जबडा मुख्यतः पुढेमागे सरकतो. झीज कमी पडली की दोघांतही खालच्या दाढांच्या कडा जिभेकडे व वरच्यांच्या गालाकडे टोकदार होतात. सशाची जीभ वा गाल त्यामुळे कापला जातो. गिनीपिगच्या खालच्या दाढा जिभेवर कमानीसारख्या वाकून तिला अक्षरशः जखडतात. सशाचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिमी. वाढतात, यावरून बिघाड किती लवकर गंभीर होतो याची कल्पना येते.

सशातील संपादित (जन्मजात नसलेल्या, पुढे उद्भवणाऱ्या) दंतविकाराच्या कारणाविषयी मतभेद आहेत. पशुदंतवैद्य डेव्हिड क्रॉस्ली यांच्या मते मूळ दोष अपुऱ्या झिजेत आहे : दाणे व गोळीखाद्य थोडक्यात चावून होते, गवताला दीर्घ दळण लागते. पशुवैद्य फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांनी १९९० च्या दशकात कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या कमतरतेकडे लक्ष वेधले; मिश्र खाद्यातून आवडते तेवढेच वेचून खाणाऱ्या, उन्हापासून दूर पिंजऱ्यात ठेवलेल्या सशांचे जबड्याचे हाड दुबळे होऊन दात सैल व वेडेवाकडे होतात, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही कारणे एकाच सशात नांदू शकतात. तथापि गवताचे प्रमाण वाढविणे हा उपाय दोन्ही मतांना धरून आहे. आखूड चेहऱ्याच्या जातींत आनुवंशिकतेचा भाग मोठा असतो. तेथे पिलू काही आठवड्यांचे असतानाच खालचे पटाशीचे दात पुढे येतात आणि वरचे आत वळतात. गिनीपिग क जीवनसत्त्व शरीरात बनवू शकत नाही. त्याच्या अभावी दातांना धरून ठेवणारे तंतू कमकुवत होतात. नॉर्वेचे संशोधक होल्स्ट व फ्रलिक यांना १९०७ मध्ये स्कर्व्हीचा (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा) अभ्यास करता आला तो याच प्राण्यामुळे.

हे प्राणी वेदना लपवितात, म्हणून मालकाने दर आठवड्याला वजन करणे हा सर्वांत विश्वासार्ह पहारा होय. चारा तोंडात घेऊन टाकून देणे, मऊ खाद्याकडेच वळणे, ओली हनुवटी, लेंड्या लहान होणे ही पुढची चिन्हे. दाताचा राखीव भाग उलटा वाढला तर खालच्या जबड्यावर गाठी लागतात. वरच्या जबड्यात तो अश्रुनलिका दाबतो, त्यामुळे वाहणारा डोळा हे सशात दंतविकाराचे लक्षण ठरू शकते. दाताशी गळू झाल्यास त्यातला पू घट्ट असल्याने ते नुसते फोडून भागत नाही. पुढचे दात ठीक दिसले म्हणून दाढा ठीक असतील असे समजू नये. लाकूड कुरतडल्याने दाढा झिजतात ही समजूतही चुकीची आहे.

निदानासाठी क्ष-किरण चित्र वा सी.टी. स्कॅन लागते. वाढलेले दात कात्रीने तोडू नयेत, ते उभे चिरतात. भुलेखाली यांत्रिक कानशीने घासतात. सशाचे वारंवार वाढणारे पटाशीचे दात कायमचे काढणे हा मान्य उपाय आहे. भुलेपूर्वी सशाला उपाशी ठेवीत नाहीत, कारण त्याला उलटी होत नाही आणि आतडे थांबण्याचा धोका असतो. गिनीपिगचे तोंड मात्र आधी धुऊन घेतात, गालांत चारा साचलेला असतो.