‘सीआरपी ताई’ आली कुठून?

सीआरपी म्हणजे कम्युनिटी रिसोर्स पर्सन, महिला बचत गटांचं काम बघणारी गावातलीच बाई. मानधनाचा विषय निघाला की सीआरपी ताईंची बातमी होते. महिन्याला किती मिळतं, किती महिन्यांचं थकलंय, वाढणार कधी. हे प्रश्न रास्तच आहेत. पण हे काम ज्या कल्पनेतून आलं, तिच्यात महिना नव्हता आणि नोकरीही नव्हती. जिने आपल्या गावात गट उभा केला, कर्ज घेतलं आणि फेडून दाखवलं, तिनेच पलीकडच्या गावातल्या बाईला ते शिकवावं, एवढीच ती कल्पना.

त्याआधीची रीत वेगळी होती. १९५२मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रशिक्षण घ्यायचं ग्रामसेवकाने आणि ऐकायचं गावाने. सत्तरच्या दशकात शेती विस्तारात ‘संपर्क शेतकरी’ आला. निवडक शेतकऱ्यांना शिकवायचं आणि त्यांनी बाकीच्यांना सांगायचं. निवडले जाणारे मात्र बहुतेकदा गावातले सुस्थितीतले शेतकरी असत, आणि कोरडवाहूवाल्याला त्यांच्याकडे जाऊन विचारायचा संकोच वाटे. शिकवणारा आपल्यातला हवा, पण ‘आपल्यातला’ म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

बचत गटांच्या बाबतीत बँकजोडणीचा पहिला प्रयोग १९९२मध्ये ५०० गटांचं लक्ष्य ठेवून झाला. १९९९मध्ये केंद्राची स्वरोजगार योजना आली. तिच्यात कर्जाला अनुदान जोडलेलं होतं. अनुदान मिळतं म्हणून गट झाले, ते उचललं आणि कित्येक गट फुटले. रजिस्टरं मात्र पूर्ण भरलेली. गटाच्या मागे पाच-सहा वर्षं उभं राहणारं माणूस त्या योजनेने दिलंच नव्हतं, ही तिची खरी उणीव.

नेमकं हेच माणूस आंध्रात सापडलं. नव्वदच्या दशकात महबूबनगर, कर्नूल, अनंतपूर या दुष्काळी जिल्ह्यांत गरीब महिलांच्या गटांचा एक प्रकल्प चालला आणि २०००नंतर त्याच धर्तीवर मोठं काम उभं राहिलं. त्यातून तयार झालेल्या महिला दुसऱ्या गावांत राहायला जाऊ लागल्या. २०११च्या जूनमध्ये राजस्थानात बांसवाड्याला राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झालं, तेव्हा ही रीत देशभर घेतली गेली. चार-पाच जणींचं पथक, एका गावात पंधरा दिवस, ४५ दिवसांची एक फेरी. महाराष्ट्राचं अभियानही, म्हणजे ‘उमेद’, त्याच वर्षी उभं राहिलं आणि सुरुवातीला आंध्रच्या महिला इथल्या गावांत आल्या.

त्यांना मराठी येत नव्हतं. सोबत दुभाषी असे, पण खरं बोलणं व्हायचं ते वस्तूंमधून. देवळासमोरच्या ओट्यावर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा. वस्ती, विहीर, रस्ता झाला की घरं मांडायची. मग गावातल्याच बायका वाकून दाखवायच्या, हे घर बिनशेतीचं, इथली नवऱ्यामागे एकटी राहते, हिचा माणूस ऊसतोडीला गेलाय. यादी अशी तयार व्हायची, सगळ्यांच्या देखत. नंतर आंध्रहून आलेली बाई पिशवीतून स्वतःचं पासबुक काढायची. पहिलं कर्ज, दुसरं कर्ज, फेड. आकडे वाचायला तेलुगू लागत नाही. मग पंचसूत्री: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, सगळं नियमित. अधिकाऱ्याच्या भाषणाने जे झालं नसतं, ते त्या पासबुकाने होत असे.

पुढे इथल्याच अनुभवी महिला फेरीवर जाऊ लागल्या. त्यांना ‘वर्धिनी’ म्हणतात. आणि इथेच शब्दांचा गुंता सुरू होतो.

सीआरपी हे मुळात फिरतीवरच्या बाईचं नाव. ती पाहुणी म्हणून यायची, शिकवायची आणि आपल्या गावी परत जायची. मोबदला फेरीच्या दिवसांचा. फेरी संपल्यावर गावातलीच एक जण पुढचं काम बघायची. महाराष्ट्रात फिरतीवरची झाली वर्धिनी आणि सीआरपी हे नाव गावात राहणाऱ्या बाईला चिकटलं. काही ठिकाणी तिला प्रेरिकाही म्हणतात. कागदावर कुठे ‘समुदाय संसाधन व्यक्ती’, कुठे ‘समूह संसाधन व्यक्ती’. गावात यातलं एकही कोणी बोलत नाही, तिथे ती सीआरपी ताई.

नाव बदललं तसा मोबदल्याचा अर्थही बदलला, हे माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत दुर्लक्षित वळण आहे. फेरीचे दिवस मोजता येतात. गावात राहणाऱ्या बाईचं काम मोजायचं कसं? म्हणून महिन्याचं मानधन आलं. मानधन म्हणजे पगार नव्हे, मान म्हणून दिलेलं धन. २००५नंतर आशा ताईंच्या बाबतीतही हीच भाषा होती: ती स्वयंसेविका आहे, कर्मचारी नाही. पुढेमागे ग्रामसंघच, म्हणजे गावातल्या गटांचा संघ, आपल्या उत्पन्नातून सीआरपीला मोबदला देईल, अशी मूळ आखणी होती. म्हणजे ती उत्तरदायी राहणार होती गटांना. पैसा वरून येत राहिला, तसं उत्तर देण्याचं ठिकाणही वर सरकलं.

२०२०मध्ये अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नेमणुका पुढे न चालवण्याचा निर्णय झाला, तेव्हा गटांच्या महिला मूक मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. सप्टेंबर २०२३मध्ये सीआरपींचं मानधन ३ हजारांवरून ६ हजार झालं आणि गटांचा फिरता निधी १५ हजारांवरून ३० हजार. हे हक्काचं होतं आणि उशिरा मिळालं. पण त्याच सुमारास कामाची यादीही लांबत होती. लखपती दीदीचं, म्हणजे वर्षाला किमान लाखाचं उत्पन्न मिळवणाऱ्या गटांतल्या महिलांचं लक्ष्य आधी देशात २ कोटींचं होतं, २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात ते ३ कोटी झालं. मग घरोघरी उत्पन्नाची नोंद घेण्याचं काम वाढलं. त्याच वर्षी जुलैपासून लाडकी बहीणचे अर्ज भरून घेणाऱ्यांमध्येही सीआरपी होत्या, एका अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता. बायकांचा तिच्यावर विश्वास होता म्हणूनच ते काम तिच्याकडे आलं.

त्या दिवसांत आधार कार्डांच्या झेरॉक्स घेऊन बायका तिच्या दारात रांगेने उभ्या असायच्या. अर्ज अडकला की जाब तिलाच विचारला जायचा, आणि विचारणारी पुढच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत तिच्या शेजारी चटईवर बसलेली असायची.