१४ जानेवारी, विद्यापीठ गेट आणि रात्रभर चालणारी गाणी

संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणं चालू असतं तेव्हा संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, विद्यापीठ गेटसमोर पाय ठेवायला जागा नसते. नामविस्तार दिन, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं तो दिवस. नांदेड परभणी बीड जालना कुठून कुठून माणसं एसटीनं, टेम्पोनं आदल्या रात्रीपासून यायला लागतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, निळे झेंडे, आणि जागोजागी गायन पार्ट्या. लांबून बघणाऱ्याला जत्रा वाटेल, पण हे सगळं इथंच का आणि याच तारखेला का हे आता कॉलेजात असलेल्या पोरांनाही नीट माहीत नसतं म्हणून लिहितोय.

सुरुवात विद्यापीठाच्याही आधी होते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. तोवर इथल्या पोरांचं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. लांब, महाग, आणि शिकायचं उर्दूतून. गावकुसाबाहेरच्या पोराला तर ते स्वप्नातही नाही. अशा वेळी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय, आणि त्या सगळ्या परिसराला नाव दिलं नागसेनवन. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेली पोरं तिथल्या होस्टेलला राहून शिकली, लिहायला लागली. 'अस्मितादर्श' हे नियतकालिक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून चालवलं आणि दलित साहित्याच्या एका अख्ख्या पिढीला त्यानं जागा दिली. मराठवाडा विद्यापीठ झालं ते नंतर, २३ ऑगस्ट १९५८ ला, नागसेनवनाला लागूनच, मागं औरंगाबाद लेण्यांचा डोंगर. मग ज्या माणसानं इथं शिक्षणाचा पाया घातला त्याचं नाव विद्यापीठाला द्या ही मागणी होणारच होती.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या, विहिरी बाटवल्या, माणसं गाव सोडून रानात राहिली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ४ ऑगस्टला मारलं. ठराव कागदावरच राहिला. मग १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, थंडीचे दिवस, बायका कडेवर पोरं घेऊन चालत होत्या. मोर्चे, जेल, उपोषणं, हे सगळं पुढं वर्षानुवर्षं चालू राहिलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी याच मागणीसाठी प्राण दिला. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव जाहीर झालं. मराठवाडा हा शब्द तसाच ठेवून पुढं बाबासाहेबांचं नाव जोडलं म्हणून नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं. ठरावापासून मोजलं तर साडेपंधरा वर्षं लागली, पाळण्यातलं पोर दहावीला बसेल एवढा काळ.

आता गाण्यांचं, कारण मला खरं तर तेच सांगायचं होतं.

या लढ्यातली बरीच माणसं अक्षरओळख नसलेली होती, तरी त्यांना तारखा पाठ होत्या, शहिदांची नावं पाठ होती. कशामुळं, तर गाण्यांमुळं. ही रीत जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्या चळवळीनं तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले, गण गवळण बतावणी वग हे लोकांच्या ओळखीचंच, आत मजकूर मात्र शिक्षणाचा, सावकारीचा, भटशाहीविरुद्धचा. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरायला लागले, भीमराव कर्डकांचं नाव त्यात मोठं. पुढं वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२, शाळेत गेले नाहीत, मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहिली. २००४ मध्ये गेले, पण आजही गेटसमोर दहा पार्ट्या असतील तर त्यातल्या आठ तरी वामनदादांचं काहीतरी गातातच. आणि बायांचं वेगळंच, त्यांनी जात्यावरच्या ओवीत विठ्ठलाच्या जागी भीमराज आणला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या अशा ओव्या १९९० च्या दशकात रेकॉर्डही झाल्यात, ऐकल्या नसतील तर ऐका.

गेटवरची रात्र एकदा बघावी. जानेवारीच्या गारठ्यात हलगीचं कातडं सैल पडतं, मग कोणीतरी जुने पेपर पेटवून त्यावर हलगी शेकवत बसतो, बोटानं टिचकी मारून बघतो, परत शेकवतो, आवाज टणटणीत झाला की उठतो. शेजारी पेटीवाला कानटोपी घालून सूर धरून बसलेला. मागच्या वेळी तिथं एक आजी बघितली, पांढरं लुगडं, गेटच्या खांबाला हात लावला, मग डोकं टेकवलं आणि पुतण्याला का नातवाला सांगत होती की तुझा आजा ह्याच्यासाठी जेलात होता. गाणं चालूच होतं. त्या पोराच्या गळ्यात विद्यापीठाचं आयकार्ड होतं.

हल्ली डीजे वाढलेत, पक्षांची स्टेजं शेजारी शेजारी लागतात आणि एकाचा आवाज दुसऱ्यात घुसतो, गायन पार्टीवाल्यांना माईक मिळायची मारामार होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हातारे शाहीर बाजूला शाल पांघरून आपला नंबर कधी येतो बघत बसलेले असतात. विद्यापीठात युवक महोत्सव होतो, त्यात पोरं पोवाडा, भारूड, जलसा बसवतात, बक्षिसं घेतात. त्यांनी १३ तारखेच्या रात्री वही घेऊन या शाहिरांजवळ बसायला पाहिजे, कारण यांतल्या कितीतरी जणांची गाणी कुठंच छापलेली नाहीत.