चंद्राचे इलेक्ट्रॉन मोजायचे, तर आधी आपल्या डोक्यावरचे वजा करा

भर दुपारी नाशिकच्या आकाशात साधारण ३०० किमी उंचीवर दर घनसेंटिमीटरमागे दहा लाखांच्या घरात इलेक्ट्रॉन असतात. चुंबकीय विषुववृत्तावरून वर उसळलेले कण उत्तरेकडे ओघळून जिथे साठतात, त्या पट्ट्याच्या उतारावर आपलं शहर येतं. चंद्राचं आयनांबर, म्हणजे त्याच्याभोवतीचा इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभारित अणू) यांचा विरळ थर, मोजताना सगळ्यात जास्त छळलं ते पृथ्वीच्या याच थराने.

१९७०च्या दशकात सोव्हिएत लुना-१९ आणि लुना-२२ या यानांनी रेडिओ पिधानाची, म्हणजे यान चंद्राआड लपतानाची, पद्धत वापरली. यान चंद्राच्या कडेआड जाताना दोन वारंवारतांवर संदेश पाठवतं. यानाच्या वेगाचा परिणाम दोन्हींवर सारख्या प्रमाणात होतो, इलेक्ट्रॉनांचा मात्र कमी वारंवारतेवर जास्त. वजाबाकी केली की इलेक्ट्रॉन उरतात. आकडा आला घनसेंटिमीटरमागे ५०० ते १०००. तो पुष्कळांना पटला नाही, कारण सेकंदाला सुमारे ४०० किमी वेगाने येणारा सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहणारा भारित कणांचा झोत, ताजे आयन टिकूच देत नाही.

शिवाय वजाबाकीत पृथ्वीचे इलेक्ट्रॉनही उरतातच. चंद्राच्या कडेला घासून जाणारी रेषा त्याच्या थरातून तीनेकशे किमी जाते. घनता हजार धरली तरी चौरस मीटरमागे ३०० लाख कोटी इलेक्ट्रॉन होतात. नाशिकवरून सरळ वर गेलेल्या रेषेत दुपारी याच्या हजारपट भरतात. म्हणजे आपल्या थरात मोजणी चालू असताना हजारातला एक भाग हलला, तरी चंद्राचा आकडा खोटा ठरतो. जपानच्या कागुया यानाने म्हणून शेकडो पिधानांची सरासरी काढली आणि उजेडाच्या बाजूला, ३० किमीच्या खाली, शेकड्यांतली घनता मिळाली. चांद्रयान-२ने सौरवाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला तर दहा हजारांच्या आसपास नोंदवली.

२३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला आणि मोजणी थेट जमिनीवर आली. विक्रमवरच्या रंभा या उपकरणाचा लँगम्युअर प्रोब म्हणजे एक मीटर दांडीच्या टोकाला ५ सेंमीचा धातूचा गोळा. त्याला उणे १२ ते अधिक १२ व्होल्ट, ०.१ व्होल्टच्या टप्प्यांनी देत जायचं आणि प्रत्येक टप्प्याला पिकोअँपिअरमधला प्रवाह वाचायचा. अडचण अशी की उन्हात गोळा स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतो, लँडरही सोडतो. पहिला अंदाज होता घनसेंटिमीटरमागे ५ ते ३०. सविस्तर विश्लेषणात तो ३८० ते ६०० झाला, इलेक्ट्रॉनांचं तापमान ३००० ते ८००० केल्विन.

या फरकाकडे दांडीच्या लांबीवरून बघावं. ५००० केल्विनला घनता १० असेल तर डिबाय लांबी, म्हणजे लँडरच्या विद्युतभाराचा प्रभाव जिथवर पोचतो ते अंतर, दीड मीटर भरते. मग गोळा त्या प्रभावाच्या आतच राहतो. घनता ५०० असेल तर तेच अंतर बावीस सेंमी, आणि एक मीटरची दांडी पुरेशी होते.

विक्रमचं हे सगळं मोजमाप चांद्र दिवसाचं आहे. सूर्य मावळल्यावर विक्रम पुन्हा जागा झाला नाही, त्यामुळे आडोशाच्या बाजूचा दहा हजारांचा आकडा जमिनीवरून तपासायचा राहिला आहे.