कोथिंबीर सुकवू नका, पुदिना खुशाल सुकवा

एप्रिल उजाडला की आमच्या सांगलीच्या गच्चीवरची कोथिंबीर बिथरते. वीतभर वाढते न वाढते तोच मधून दांडा वर येतो, रुंद पानांऐवजी शेपूसारखी बारीक पानं फुटतात, मग पांढरी फुलं. पाणी कमी पडलं असं वाटून आपण आणखी एक तांब्या ओततो. पण तहानेपेक्षा वाढता उन्हाळा आणि लांबलेला दिवस जास्त कारणीभूत असतो. गारव्यातलं हे पीक उन्हाची चाहूल लागताच बी धरायच्या मागे लागतं.

मग घाईघाईनं उपटलेली ती पेंडी (पुण्याकडे जुडी म्हणतात) टिकवायची कशी? बरेच जण सुकवतात, आणि हाती येतो हिरवट भुसा.

प्रत्येक झाड आपला वास वेगळ्या जागी ठेवतं. कढीपत्त्याचं पान उजेडासमोर धरा, सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या गाठी. लिंबाच्या पानातही त्या दिसतात, कारण दोघं एकाच कुळातली. पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच, डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या ग्रंथींत असतं, म्हणून नुसता हात फिरवला तरी बोटांना वास येतो. ही ग्रंथींची पिशवी फुटली नाही तर पान वाळल्यावरही तेल बऱ्यापैकी राहतं. त्यामुळे पुदिना अख्खा वाळवावा आणि वापरतानाच चुरावा.

कोथिंबिरीच्या पानाचा वास मात्र अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा. ती चटकन उडतात आणि हवेशी संयोग होऊन बदलतातही. काही किड्यांच्या उग्र वासातही ह्याच जातीची रसायनं असतात. कोथिंबीर ज्यांना साबणासारखी लागते, त्यांचं नाक अगदीच खोटं बोलत नाही.

वाळवणाचं शास्त्र शिकायला आपल्याला लांब जायला नको, तासगावची बेदाण्याची शेड पाहावी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, आणि मग जाळ्यांवर सावलीत पसरतात. उन्हात घातले तर बेदाणा तपकिरी पडतो, सावलीत हिरवट राहतो. पानांचंही तेच: ऊन हिरवा रंग मारतं आणि तेल उडवतं. मार्चच्या कोरड्या हवेत पंख्याखाली, सुती कापडावर पुदिना दोन-तीन दिवसांत वाळतो. पावसाळ्यात ह्या फंदात पडू नये. हवाच ओली असली की पानातलं पाणी बाहेर पडत नाही आणि बुरशी आधी पोचते. काडी कट्कन मोडली पाहिजे. बरणीत भरल्यावर दुसऱ्या दिवशी काचेला आतून धुकं दिसलं, तर पुन्हा पसरा.

कढीपत्ता मी फ्रीझरमध्ये डहाळीसकट ठेवते, तिथून थेट फोडणीत. त्याचं तेल तेलातच विरघळतं, पाण्यात घालून काय उपयोग.

कोथिंबिरीलाही गारठाच मानवतो. चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यासोबत गोठवावी. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, त्यामुळे वितळल्यावर ती मऊ पडते. पोह्यांवर भुरभुरायला निरुपयोगी, आमटीला चालते. लसूण-कोथिंबीर तेलात बुडवून बाहेर मात्र अजिबात ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बोटुलिझम ह्या जीवघेण्या विषबाधेचे जंतू अशाच जागी विष तयार करतात.

गच्चीवरची जी झाडं फुलावर आलीच आहेत ती राहू द्यावीत. दाणे पिकू लागले की त्यांतलं अल्डिहाइड घटतं आणि लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य वाढतं, म्हणून धण्यांचा वास पानासारखा नसतो. एक धणा म्हणजे दोन बिया एकमेकींना चिकटलेलं फळ. म्हणून पेरण्याआधी चपलेनं हलकेच रगडून फोडतात. आमचे थोडे सांबाराच्या मसाल्यात गेले, उरलेले थंडीत पेरायला कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेत.