सुईने गाठ सहसा पसरत नाही, भीती असते ती हवेची

'गाठीला सुई लावली की ती खवळते' या समजापायी बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीकडे अजूनही काही रुग्ण झाडपाल्याच्या औषधात मोलाचे महिने घालवतात. फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी सुईने काढताना (बायॉप्सी) सुईच्या वाटेने कर्करोग पसरणं दहा हजारांत मोजक्या जणांत घडतं. निदानाला उशीर झाल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं.

फुप्फुसातल्या 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला नोड्यूल म्हणतात. 8 मिलिमीटरहून लहान गाठीवर बहुधा पुन्हा स्कॅन करून लक्ष ठेवतात. त्याहून मोठी, संशयास्पद असेल तर सीटीच्या मदतीने बायॉप्सी. तंबाखू-विडीच्या या पट्ट्यात कर्करोगाची शंका येतेच, पण क्षयाची गाठही स्कॅनवर हुबेहूब तशीच दिसू शकते.

खरा धोका फुप्फुसाच्या आवरणाला पडणाऱ्या छिद्राचा. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या दोन पदरांत पातळ द्रवाचा थर असतो. ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तसे ते पदर चिकटलेले असतात, आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. छिद्रातून तिथे हवा शिरली की फुप्फुस आकसतं. म्हणून आवरण एकदाच भेदायचं. त्वचेपासून आवरणापर्यंत भूल दिल्यावर 19 गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा मोठा तितकी सुई बारीक) बाहेरची सुई गाठीच्या कडेशी नेऊन ठेवतात आणि तिच्या पोकळीतून 20 गेजची कापणारी सुई पुन्हापुन्हा आत घालून तीन-चार तुकडे घेतात. वाट बरगडीच्या वरच्या कडेवरून, कारण खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतो. आतली सुई काढताच बाहेरच्या सुईचं तोंड बोटाने झाकावं लागतं. ते उघडं असताना रुग्णाने खोल श्वास घेतला तर हवा रक्तात जाऊ शकते. हे क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं.

डायफ्रामजवळची (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याजवळची) गाठ श्वासागणिक एक-दोन सेंटिमीटर सरकते, म्हणून प्रत्येक वेळी श्वास तितकाच घेऊन थांबावं लागतं. याचा सराव सुई घालण्याआधीच करून घ्यावा, मराठी किंवा कन्नड, जी भाषा रुग्णाच्या कानाला सरावाची आहे तिच्यात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. त्या स्वतःहून बंद करू नका. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) 1.5 च्या आत आणि प्लेटलेट 50 हजारांवर लागतात.

नंतर टोचलेली बाजू खाली करून झोपवतात, काही तासांत एक्स-रे काढतात. साधारण पाचात एकाला थोडी हवा शिरते, ती काढायला छातीत नळी घालावी लागते त्यातल्या थोड्यांनाच. विडीने फुप्फुस फुगलेलं असेल तर धोका वाढतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेल्यांनी त्या रात्री दवाखान्याजवळच मुक्काम करावा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) टाकले तर क्षयाचे जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवायला आधीच सांगावं. अहवालात नुसती 'सूज' आली तर कर्करोग नाही असं धरून बसू नये. गाठ स्कॅनवर संशयास्पद असेल तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.