जॉन स्नो, कर्ण आणि एक रद्द झालेलं लग्न

14 ऑगस्ट 2017, सोमवार. पंचांगात गोकुळाष्टमी. अमेरिकेत रविवारी रात्री दाखवलेला ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या सातव्या पर्वातला पाचवा भाग आपल्याकडे त्या दिवशी सकाळी पोचला. त्यात सॅमची जोडीदार गिली एका जुन्या धर्मगुरूची डायरी वाचत बसलेली असते. या धर्मगुरूने कुणा राजपुत्राचं पहिलं लग्न रद्द केलं आणि त्याच वेळी डॉर्न या दक्षिणेकडच्या प्रांतात गुपचूप दुसरं लावून दिलं, असं ती अडखळत वाचते. राजपुत्राचं नावही तिला धड वाचता येत नाही. सॅम तिला मध्येच तोडतो आणि स्वतःचं रडगाणं सुरू करतो. अर्ध्या प्रेक्षकांच्या कानांवरून ते वाक्य तसंच निसटलं. उरलेल्या अर्ध्यांनी वीस वर्षं जपलेला तर्क त्या वाक्यात होता: नेड स्टार्कचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेला जॉन स्नो हा खरं तर नेडची बहीण लियाना आणि हाच राजपुत्र, ऱ्हेगार टार्गेरियन, यांचा मुलगा आहे. राजाच्या भीतीने जन्मताच दुसऱ्याच्या घरी पोचवलेलं मूल, आणि तेही नेमकं अष्टमीला! हा योगायोग इथल्या चाहत्यांना भलताच आवडला.

तर्क तसा जुना. मालिका ज्या कादंबऱ्यांवर बेतली, त्यांतलं पहिलं पुस्तक ऑगस्ट 1996 चं, आणि 1997 पर्यंत इंटरनेटवरच्या वाचकांनी समीकरण मांडलंही होतं: ऱ्हेगार अधिक लियाना बरोबर जॉन. धागेदोरे सगळ्यांना पाठ आहेत: हॅरनहालच्या स्पर्धेतला निळ्या गुलाबांचा मुकुट, तापात नेडला दिसणारा मनोरा, रक्ताने भरलेला बिछाना, बहिणीला दिलेलं वचन. दुसऱ्या पुस्तकात बर्फाच्या भिंतीतून उगवलेलं निळं फूल आलं आणि बऱ्याच जणांची खात्री पटली. मला सगळ्यांत पक्का वाटतो तो एक साधा शब्द. नेडची बायको कॅटलिन जॉनबद्दल विचारते तेव्हा नेड त्याला ‘माझं रक्त’ म्हणतो, ‘माझा मुलगा’ म्हणत नाही. भाचाही रक्ताचाच असतो.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना पहिली उपमा कर्णाची येते. ते साहजिकच आहे. गोव्यातल्या पेडण्याकडच्या दशावतारात किंवा जत्रेतल्या पौराणिक नाटकात कर्ण रंगमंचावर आला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही त्याची आई ठाऊक असते. पण फरक तिथेच आहे. कर्णाचं गुपित प्रेक्षकाला माहीत असतं आणि पात्राला नसतं, म्हणून कुंतीची भेट अंगावर येते. जॉनचं गुपित पात्रालाही माहीत नव्हतं आणि वाचकालाही कुणी सांगितलं नव्हतं. वाचकाने ते पानं उलटीसुलटी चाळून काढलं. शिवाय कर्ण कानीन, म्हणजे कुमारिकेचा मुलगा. स्मृतींनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, औरसापासून पुढे. जॉनला त्यातल्या कोणत्या खणात बसवायचं, याचं उत्तर एकाच प्रश्नावर ठरतं: ऱ्हेगार आणि लियाना यांचं लग्न झालं होतं का?

सहाव्या पर्वाने हा प्रश्न टाळला. 27 जून 2016 च्या सकाळी, भर पावसाळ्यात, मनोऱ्यातली लियाना दिसली आणि तिच्या कुशीतलं मूलही दिसलं. पण ती नेडच्या कानात काय पुटपुटते ते नीट ऐकू दिलं नाही. बापाचं नाव वाहिनीने काही दिवसांनी वंशावळीच्या तक्त्यात घालून टाकलं. वीस वर्षांच्या तर्काची पावती ही अशी, एका रेघेने जोडलेल्या दोन चौकटींत मिळाली. त्या वर्षभर मात्र वाद रंगला. जॉन अनौरसच राहतो, असं एक बाजू म्हणे. दुसरी बाजू म्हणे, टार्गेरियन घराण्यात एकाहून जास्त बायका करण्याची चाल होती. घराण्याच्या पहिल्या राजाने, एगॉनने, दोन्ही बहिणींशी लग्न केलं होतं आणि पुढच्या मेगॉर राजाला तर सहा बायका. तिसऱ्या पुस्तकात सरदार जोरा ऱ्हेगारच्या धाकट्या बहिणीला, डेनेरिसला, या चालीची आठवणही करून देतो. मग लियाना दुसरी बायको का नसावी?

मालिकेने हा सोपा रस्ता सोडला आणि लग्न रद्द करण्याचा धरला. खरा गुंता इथून सुरू होतो, कारण ‘रद्द’ हा शब्दच निसरडा आहे. त्याच प्रसंगात गिली अर्थ विचारते आणि सॅम सांगतो, पुरुष आपल्या कायदेशीर बायकोला बाजूला सारतो ते. मराठीत याला बायको टाकणं म्हणतात. काडीमोड वेगळा: लग्न होतं, ते मोडलं. आणि रद्दबातल याचा अर्थ लग्न कायद्याच्या नजरेत कधी झालंच नाही. गोव्यात हा फरक समजावायला वकील लागत नाही. 1946 च्या पोर्तुगीज हुकमाने चर्चमध्ये लागलेल्या लग्नांच्या वैधतेचा निवाडा चर्चच्या न्यायासनाकडे दिला होता, त्यामुळे शेजारच्या घरात कुणाचा ‘घटस्फोट’ झाला नि कुणाचं लग्न ‘रद्द’ झालं, हे इथल्या हिंदू घरांतही नीट माहीत असतं.

आता ऱ्हेगारच्या पहिल्या बायकोकडे, एलियाकडे बघा. ऱ्हेगारपासून तिला दोन मुलं, ऱ्हेनिस आणि एगॉन. लग्न मुळात झालंच नाही म्हटलं तर ती दोघं अनौरस, असं चाहते तावातावाने म्हणतात. चर्चच्या कायद्याचा दाखला घेतला तर तसंही होत नाही. दोघांपैकी एकाने जरी ते लग्न खरं मानून केलं असेल, तर पुढे ते रद्द ठरूनही मुलं औरसच राहतात. मुलं औरसच राहत असतील तर रद्द करून मिळवलं काय? त्यांना अनौरस ठरवायचं असेल, तर सभ्य म्हणून रंगवलेला राजपुत्र स्वतःच्या तान्ह्या मुलाला वारसाहक्कातून उठवतो, असं मानावं लागतं. दोन्हीकडून हिशेब जुळत नाही. आणि या रद्द करण्याची गरजही नव्हती. मनोऱ्याशी नेड पोचतो तेव्हा एलियाची दोन्ही मुलं राजधानीत मारली गेलेली असतात. लियाना दुसरी बायको असती तरी तिचा मुलगा वारस ठरलाच असता, आणि राजाचे तीन शरीररक्षक त्या उजाड ठिकाणी का ठाण मांडून बसले होते, याचंही उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या बायकोची बाजू मी घेतोय खरी, पण गोव्याचा कायदा लावला तर ऱ्हेगार तिथेही अडकतो. 1880 साली पोर्तुगीजांनी इथल्या हिंदूंच्या चालीरीतींची संहिता काढली, तिच्यात पहिली बायको असताना दुसरी करायला वाट होती. मात्र पहिलीला वयाच्या 25 पर्यंत मूलच नसलं किंवा 30 पर्यंत मुलगा नसला, अशा अटींवर. ऱ्हेगारला मुलगी होती आणि मुलगाही. कारकुनाने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. नोंदीसाठी दोनदा सह्या कराव्या लागणाऱ्या आमच्या मुलखात, कुणी न पाहिलेल्या लग्नाचा पुरावा म्हणून एक डायरी पुढे करणं हेही धाडसच.

28 ऑगस्टला, चवथीच्या चौथ्या दिवशी, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, अजून टांगलेली असताना शेवटचा भाग आला. जॉनचं खरं नाव एगॉन टार्गेरियन निघालं. म्हणजे एकाच बापाच्या दोन मुलांचं नाव एगॉन! बारशाला आत्या हजर असती तर असं झालं नसतं. पाचव्या पुस्तकात आपणच तो एलियाचा एगॉन म्हणून आलेला एक तरुण आहे. मालिकेने त्याला घेतलंच नाही, आणि त्याचं नाव तेवढं जॉनच्या गळ्यात पडलं असा माझा संशय आहे.

2019 च्या आठव्या पर्वात जॉनला हे कळतं, त्याच्यामुळे डेनेरिसला कळतं, त्यावरून कटकारस्थानं होतात. पण 19 मे रोजी राजा निवडायला सगळे बसतात तेव्हा नेडचा मुलगा ब्रॅन याचं नाव पुढे येतं आणि खरा वारस उत्तरेच्या भिंतीकडे रवाना होतो. डायरीचं नाव तिथे कुणी काढत नाही. पाचही पुस्तकांत अशी डायरी नाही, रद्द झालेलं लग्नही नाही. 2011 च्या पुस्तकाच्या शेवटी जॉन स्नो आपल्याच माणसांच्या सुऱ्यांनी भोसकला जाऊन बर्फात पडलेला आहे, आणि सहावं पुस्तक अजून आलेलं नाही.